जुन्या-नव्या मशिनांचा क्लस्टर करताय? आधी घड्याळं बघा

लिनक्स येतं, एसएसएचच्या की करता येतात, एमपीआयचा (एक काम अनेक मशिनांवर वाटून चालवायची पद्धत) पहिला प्रोग्रॅम चालवून झालाय, एवढं मी धरून चालतो. हे लिहितोय सोलापुरात कॉलेजच्या लॅबमधून बाद झालेली, तीन-चार पिढ्यांची मशिनं जोडून क्लस्टर, म्हणजे एकच काम वाटून घेणारा मशिनांचा गट, करू पाहणाऱ्यांसाठी.

१९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या ४८६ प्रोसेसरांचा बेओवुल्फ क्लस्टर उभा केला. पण त्यांचे सोळाच्या सोळा प्रोसेसर एकाच जातीचे होते. आपल्याकडे एक आय५, दोन आय३ आणि कोपऱ्यात एक ड्युअल कोअर. बहुतेक ट्युटोरियलं सगळे नोड, म्हणजे क्लस्टरमधली मशिनं, सारखे समजून लिहिलेली असतात, आणि तिथंच पाणी मुरतं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते घड्याळानं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो आणि भरदुपारी लाइट जाते. यूपीएस असतो फक्त मुख्य मशीनला. जुन्या मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल कधीच संपलेला असतो, त्यामुळे लाइट आल्यावर ते मशीन चुकीची तारीख घेऊन उठतं. पिंग लागतो, एसएसएच होतं, एनएफएस (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) माउंट होतं. स्लर्म, म्हणजे नोडना कामं वाटून देणारा प्रोग्रॅम, मात्र नोड डाउन दाखवतो. लॉगमध्ये एका बाजूला ‘एक्स्पायर्ड क्रेडेन्शियल’, दुसऱ्या बाजूला ‘रिवाउंड क्रेडेन्शियल’.

हे वाचून कुणालाही वाटतं की मंजची (स्लर्मसाठी नोडची ओळख पटवणाऱ्या प्रोग्रॅमची) की बिघडली. मग की नव्याने करा, सगळीकडे कॉपी करा, परमिशन तपासा, स्लर्म काढून परत टाका. रात्र सरते आणि नोड तिथंच. की ठीकच असते. मंज प्रत्येक क्रेडेन्शियलवर, म्हणजे ओळखपत्रावर, वेळेचा शिक्का मारतो आणि तो मुळात ३०० सेकंदच चालतो. मागे पडलेल्या नोडचा शिक्का मुख्य मशीनला शिळा वाटतो, तर मुख्य मशीनचा शिक्का त्या नोडला भविष्यातला. दोघंही एकमेकांना नाकारतात. तपासायचं असेल तर ‘मंज -एन’चं आउटपुट एसएसएचमधून दुसऱ्या नोडवरच्या ‘अनमंज’ला द्या. एन्कोड टाइम आणि डिकोड टाइम एकाखाली एक छापून येतात; फरक डोळ्यांनी दिसतो.

उपाय अगदी स्वस्त आहे, म्हणून तर जीव जळतो. सगळे सेल बदला. मुख्य मशीनवर क्रोनी (घड्याळं जुळवणारा प्रोग्रॅम) चालवा, त्यात ‘लोकल’ आणि ‘अलाउ’च्या ओळी घाला, म्हणजे इंटरनेट गेलं तरी ते बाकीच्यांना वेळ देत राहील. नोडवरच्या क्रोनीत ‘मेकस्टेप’ (घड्याळ एकदम बरोबर वेळेवर आणणारी ओळ) ठेवाच. नाहीतर क्रोनी मोठा फरकसुद्धा हळूहळू सरकवत बसतो. लाइट आल्यावर आधी मुख्य मशीन, मग नोड. हा क्रम भिंतीवर लिहून चिकटवा.

बाकी दोन गोष्टी पटकन. नव्या मशीनवर ‘मार्च=नेटिव्ह’ (त्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी बनव, असा कंपायलरला दिलेला पर्याय) देऊन कंपाइल केलेला प्रोग्रॅम जुन्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतो; सगळ्यात जुन्या प्रोसेसरला चालेल असंच कंपाइल करा. आणि काम सारखं वाटू नका, कारण आय५ आपला वाटा संपवून ड्युअल कोअरची वाट बघत बसतो. लहान लहान तुकडे करा, जो मोकळा होईल त्याला पुढचा द्या.

एका स्क्रिप्टमध्ये सगळा क्लस्टर उभा करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ती स्क्रिप्ट अडली की तुमच्या हातात काहीच उरत नाही. मार्गदर्शकाचंही तसंच. फोनवर कमांड सांगणारा सिनिअर नको, “लॉगमधली शेवटची ओळ वाचून दाखव” म्हणणारा गाठा. तसे लोक थोडे आहेत, पण आहेत, आणि नवख्या पोरांना ते हाकलून देत नाहीत.

घाबरू नका. चार मशिनं एकदम जोडायला जाऊ नका. दोनच घ्या, ‘एसरन’ने (स्लर्मची काम चालवायची कमांड) होस्टनेम छापून बघा. दोन्ही नावं आली की एका नोडची वायर काढा, सेल काढून परत बसवा, आणि चालू केल्यावर तो आपणहून क्लस्टरमध्ये परततो का ते तपासा. तिसरं मशीन त्यानंतरच जोडा.