टायरची पूड इपॉक्सीत मिसळताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इपॉक्सीचे (रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या प्लास्टिकचे) पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करणाऱ्या प्रत्येकाला एक दुखणं ठाऊक आहे. कोअर बॉक्स (ओतीव भागाच्या पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवायचा साचा) हातातून निसटला की कोपरा उडालाच. इपॉक्सी कडक असते, पण ठिसूळ. जुन्या टायरच्या पुडीने तिला चिवटपणा आणता येतो, हे खरं. पण पोत्यातली पूड तशीच ओतली, तर माल आधीपेक्षा कमकुवत होतो.

मूळ चूक एकच: रेझिन रबराला आपोआप धरेल असं समजणं. टायरचं रबर गंधकाने पक्कं झालेलं असतं, ते रेझिनमध्ये विरघळत नाही, आणि वर तेलकट धूळ असते. चाचणीसाठी ओतलेली पट्टी तोडून भिंगाखाली धरून बघा. गुळाची चिक्की मोडल्यावर दाणाही दुभंगला, तर पकड घट्ट. दाणा अख्खा निघून खळगा उरला, तर पकड नव्हतीच. माझ्या पहिल्या पट्टीत नुसते गुळगुळीत खळगे होते, आणि चीर त्याच खळग्यांतून पळाली होती. तेव्हापासून मी पूड साबणाच्या कोमट पाण्यात धुतो, वाळवतो, लोहचुंबक फिरवून तारेचे तुकडे काढतो. जमलं तर सायलेनची (रबर आणि रेझिन जोडणाऱ्या रसायनाची) प्रक्रियाही करावी.

पूड बारीक हवी. ४० मेशचा (चाळणीच्या एका इंचात ४० छिद्रं) दाणा साधारण ०.४ मिलिमीटरचा, पातळ भिंतीत तो खड्ड्यासारखाच वागतो. ८० मेशमधून चाळून घ्या, ५ टक्क्यांपासून सुरुवात करा. १० टक्क्यांच्या वर मी जात नाही, कारण मिश्रण घट्ट होऊन हवा आत अडकते. घट्ट झालं म्हणून थिनर मात्र ओतू नका. तो आत अडकतो, बुडबुडे येतात आणि माल मऊ राहतो. त्यापेक्षा रेझिन थोडं कोमट करा, पूड ढवळा, व्हॅक्यूममध्ये हवा काढा, मिश्रण गार होऊ द्या आणि मगच हार्डनर घाला.

हार्डनरचा हिशेब इथे हमखास चुकतो. रेझिन-हार्डनरचं प्रमाण १००:१० असेल, तर ते फक्त रेझिनच्या वजनावर. १०० ग्रॅम रेझिनमध्ये १० ग्रॅम पूड असेल, तरी हार्डनर १० ग्रॅमच, ११ नव्हे.

आणि कोल्हापूरचा जुलै! धुतलेली पूड उघडी ठेवली तर पुन्हा ओल धरते. ६०-७० अंशांवर काही तास सुकवून लगेच डब्यात बंद करा. दमट हवेत अमाइन प्रकारच्या हार्डनरच्या मालावर चिकट पांढुरका थर येतो. तो पुसल्याशिवाय पुढचा थर बसत नाही.

रबर घातल्यावर ताण सोसण्याची ताकद थोडी घटणारच. ती बघून प्रयोग फसला असं ठरवू नका. आघाताची चाचणी घ्या, आणि त्याच दिवशी, त्याच डब्यातल्या रेझिनची बिनरबराची पट्टीही शेजारी ओता.