लष्करी जोडीदाराच्या आधारे ग्रीन कार्ड: आधी प्रवेशाची नोंद तपासा

अमेरिकेच्या सैन्यात नवरा किंवा बायको असली की कागदपत्रांचा प्रश्न आपोआप मिटतो, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. लग्नामुळे अर्ज करण्याचा आधार मिळतो; मात्र तो अर्ज देशात राहून करता येईल की नाही, हे बहुतांशी आपण अमेरिकेत कसे शिरलात यावर ठरते. म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वी हा एक मुद्दा स्वतः स्पष्ट करून घ्यावा.

महाराष्ट्रातून गेलेली बहुतेक माणसे विमानाने, व्हिसावर आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर उभी राहून आलेली असतात. नंतर शिक्षण सुटले, नोकरी गेली किंवा पर्यटक व्हिसाची मुदत उलटली, आणि मुक्काम बेकायदा झाला. अशा व्यक्तीचा जोडीदार अमेरिकन नागरिक असेल, तर मुदतीबाहेर राहणे आणि परवान्याविना काम करणे या दोन गोष्टी ग्रीन कार्डाच्या आड येत नाहीत. आय-१३० ही नात्याची याचिका आणि आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा अर्ज एकत्र दाखल करता येतो. त्यासाठी कायदेशीर प्रवेशाचा पुरावा, म्हणजे आय-९४ची नोंद, हाती हवी. पूर्वी हा पांढरा कागदी तुकडा पासपोर्टात टाचलेला असे. आता ती नोंद सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून छापून घेता येते. जुना, रद्द झालेला पासपोर्ट म्हणूनच कधीही टाकून देऊ नये.

याला एक अपवाद आहे, आणि कोकण व गोव्यातल्या घरांनी तो नीट वाचावा. जहाजावरचा खलाशी म्हणून क्रू व्हिसावर आलेल्या आणि तिथेच उतरून राहिलेल्या माणसाला, बायको अमेरिकन नागरिक असली तरी, देशात राहून ग्रीन कार्ड मिळवण्याचा हा नेहमीचा मार्ग बंद असतो.

सीमा ओलांडून, तपासणीविना आलेल्यांसाठी ‘पॅरोल इन प्लेस’, म्हणजे देशाबाहेर न जाता तात्पुरते राहण्याची परवानगी, ही सोय आहे. सेवेतील सैनिक, सिलेक्टेड रिझर्व्हमधील (राखीव दलातील) सैनिक आणि माजी सैनिक यांचे पती, पत्नी, मुले व आईवडील तिचा लाभ मागू शकतात. नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाने २०१३ मध्ये तिचे धोरण लेखी केले आणि २०२० आर्थिक वर्षाच्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) तिचे महत्त्व पुन्हा नोंदवले. आय-१३१ हा अर्ज मंजूर झाला, तर एकेका वर्षाचा पॅरोल मिळतो, कामाचा परवाना मागता येतो आणि देशात राहूनच आय-४८५ भरण्यातली मुख्य अडचण दूर होते. हा हक्क नव्हे. प्रत्येक प्रकरण अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असते. नागरिकांच्या जोडीदारांसाठी २०२४ मध्ये आलेली सर्वसाधारण योजना न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. लष्करी कुटुंबांची ही सोय तिच्याहून जुनी आणि वेगळी आहे, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नये.

सैनिकाकडे स्वतःचेच फक्त ग्रीन कार्ड असेल, तर आधी त्याने नागरिकत्व घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. सैनिकांना एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जासाठी शुल्क पडत नाही आणि सेवेच्या दाखल्यासाठी एन-४२६ जोडावा लागतो. तो नागरिक झाला की वर सांगितलेली मुदतीबाहेरची माफी जोडीदाराला लागू होते.

या काळात अमेरिका सोडू नये. १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून बाहेर पडल्यास तीन वर्षांची आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक राहिल्यास दहा वर्षांची प्रवेशबंदी लागते. आजीच्या आजारपणासाठी पुण्याला आठ दिवस जाऊन येऊ, हा विचार कितीही स्वाभाविक असला तरी तेवढ्याने घर तुटू शकते. मुंबईच्या वकिलातीतून व्हिसा घेण्यावाचून पर्यायच नसेल, तर निघण्यापूर्वी आय-६०१ए ही प्रवेशबंदीची माफी मंजूर करून घ्यावी. त्यासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला अथवा पालकाला होणारा असाधारण त्रास सिद्ध करावा लागतो.

मराठी कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. जन्मदाखल्यावर माहेरचे नाव व वडिलांचे नाव, पासपोर्टवर सासरचे, आणि विवाह नोंदणीत तिसरेच स्पेलिंग, असे असेल तर नावबदलाचे पुरावे आधी गोळा करावेत. जन्माची नोंदच नसेल, तर ती उपलब्ध नसल्याचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. प्रत्येक मराठी कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे सहीनिशी प्रमाणपत्र लागते. सैनिकाचा सेवेचा पुरावा आणि जोडीदाराचे लष्करी अवलंबित ओळखपत्र यांच्या प्रतीही ठेवाव्यात.

नोकरीच्या आय-९ फॉर्मवर ‘अमेरिकन नागरिक’ या चौकटीत कधी खूण केली असेल, तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे, कारण नागरिकत्वाचा खोटा दावा ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद करू शकतो. पूर्वीची हद्दपारी आणि अटकही लपवू नये. अर्ज नाकारला गेल्यास हद्दपारीची कारवाई सुरू होऊ शकते, म्हणून तो चाचपणी म्हणून पाठवू नये. लष्करी तळावरच्या जॅग (लष्करी विधी अधिकारी) कार्यालयाच्या कायदा-सहाय्य कक्षात सल्ला मोफत मिळतो; मात्र गुंतागुंतीच्या प्रकरणात स्थलांतर कायद्याचाच वकील गाठावा आणि शुल्क अर्जाच्या दिवशीच तपासावे.

मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर कार्ड सशर्त आणि दोनच वर्षांचे येते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अट काढण्याचा अर्ज भरायचा असतो, आणि सैनिकाची परदेशी नेमणूक नेमकी याच काळात येणार असेल तर त्याची सही तो निघण्यापूर्वीच घेता येईल का, हे वकिलाला वेळेवर विचारून ठेवावे.