लायसन्स आपोआप परत येत नाही

सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती. बार्शी रोडला मित्राच्या शेतावर हुरडा झाला, त्याच्या जोडीला जे व्हायचं तेही झालं, आणि रात्री जुन्या पुणे नाक्यावर मला फुंकायला लावलं. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा मी केव्हाच ओलांडली होती. गाडी जमा, लायसन्स जमा. फेब्रुवारीत कोर्टात गुन्हा कबूल केला, १०,००० रुपये भरले, सहा महिने गाडी चालवायला अपात्र ठरलो. ऑगस्टमध्ये लायसन्स मिळायला हवं होतं. ते हातात पडलं दसऱ्याला. मधले दोन महिने कशात गेले ते सांगण्यासाठी हे लिहितोय, कारण यातून जाणारा माणूस कुणाला विचारतसुद्धा नाही. मीही विचारलं नाही. लाज वाटत होती.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याचं, काय आहे ते एव्हाना तुम्हाला वकिलांनी सांगितलं असेल. हे चलन मोबाइलवर भरून मिटत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. एक मात्र नीट ऐका. लायसन्स घेताना पोलीस जी पावती देतात, ती दाखवून गाडी चालवता येते असं आपल्याकडे सगळे छातीठोकपणे सांगतात. दारूच्या केसमध्ये ते चूक आहे. या पावतीवर गाडी चालवता येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. अपात्र असताना पकडले गेलात तर कलम १८२ लागतं, म्हणजे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा आणखी १०,००० किंवा दोन्ही. नवी पेठेपर्यंतसुद्धा काढू नका.

आता मी कुठे अडकलो ते. मला वाटलं, शिक्षा म्हणजे दिवस मोजायचे. कॅलेंडरवर रोज फुली मारत होतो. सहा महिने भरले त्या सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आरटीओत गेलो. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "रिफ्रेशर कोर्सचं सर्टिफिकेट?" मी हा शब्द पहिल्यांदा ऐकत होतो. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९ मध्ये हे आलंय. आरटीओकडे जमा झालेलं लायसन्स मुदत संपल्यावरही, चालकाचा उजळणी वर्ग पूर्ण केला असेल तरच परत मिळतं. मुदत संपणं ही एक अट, कोर्स ही दुसरी. दोन्ही लागतात. आणि कोर्स मुदत चालू असतानाच करून ठेवता येतो, हे मला कळलं तेव्हा सहा महिने रिकामे गेले होते. त्या सहा महिन्यांत मी दर रविवारी घरी बसून होतो हो! एका कागदासाठी नंतर दोन महिने शेअर रिक्षात लोंबकळत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो.

म्हणून आज, याच आठवड्यात, कोर्टाच्या आदेशाची नक्कल काढा. पोलिसांनी पाठवलेल्या लायसन्सवर आरटीओ स्वतः तीन महिन्यांची अपात्रता लावतं ती वेगळी आणि कोर्टाची मुदत वेगळी. कलम १८५ मध्ये कोर्टाची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी नसते. जी उशिरा संपते ती तारीख धरा आणि कोर्स तिच्या आधी उरका.

दोन महिने का लागले, तर त्यातला एक एजंटापायी गेला. "कशाला बसायला जाता ओ, कागद मी आणून देतो," म्हणाला. मी पैसे दिले. आणलेला कागद ज्या ड्रायव्हिंग स्कूलचा होता, तिला कलम १२ खाली शिकवायचा परवानाच नव्हता. परत पाठवलं. नशीब, त्यावर आणखी काही झालं नाही. खोटा कागद सरकारी खिडकीत देणं म्हणजे दुसरा गुन्हा अंगावर घेणं, हे वकीलसाहेबांनी नंतर ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मी विसरणार नाही. एजंटांबद्दल माझं मत कडू आहे आणि ते कडूच राहणार. परवाना असलेली स्कूल कोणती ते आरटीओतच विचारा, पैसे भरण्याआधी स्कूलमधला परवाना डोळ्यांनी वाचा, त्याची मुदतही बघा.

वर्गाला घाबरू नका. मी पहिल्या दिवशी मागच्या बाकड्यावर मान खाली घालून बसलो होतो. शेजारी एक एसटीतून निवृत्त झालेले काका होते, मोबाइलवर बोलताना सापडलेला एक पोरगा होता. कुणी कुणाला काही विचारलं नाही. शिकवणारे सर साधे, पण पक्के. त्यांनी फळ्यावर लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ असं लिहिलं आणि एकेक करून खोडलं. दारू रक्तातून काढायचं काम लिव्हर आपल्या गतीनं करतं, त्याला घाई करता येत नाही. अंघोळीनं डोळे उघडतात, रक्तातला आकडा तोच राहतो. मी त्या रात्री निघण्याआधी शेतावरच्या हौदात डोकं बुडवून आलो होतो आणि आता आपण शुद्धीवर आहोत अशी माझी खात्री होती. सरांचं ते खोडणं बघताना पोटात खड्डा पडला. असा एक माणूस समोर उभा राहून शिकवतो तेव्हा जे आत उतरतं, ते एजंटानं आणलेल्या कागदातून उतरलं नसतं.

पहिली केस आयुष्य संपवत नाही, माझं संपलं नाही. पण दुसरी वेगळी आहे. तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स रद्द. आधीचा गुन्हा तीन वर्षांच्या आतला असावा ही अट पूर्वी होती, तीही २०१९ मध्ये काढली. दहा वर्षांनी सापडलात तरी तो दुसराच धरला जातो.

आणखी एक. कामावर सांगून टाका. मी माल पोचवणं आणि वसुली बघायचो, गाडीशिवाय माझं काम शून्य. तीन आठवडे मालकांना पाय मुरगळल्याचं सांगत राहिलो. शेवटी खरं सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "उद्यापासून टॉवेलच्या घडीला बस." पगार कमी झाला, पण नोकरी राहिली. घरी बाबांना सांगायला मात्र मला मार्च उजाडला.