उमय्यद दिरहम वाचताना या चुका टाळा

दर आठवड्याला कुणीतरी मला उमय्यद दिरहमचा, म्हणजे उमय्यद खलिफांच्या चांदीच्या नाण्याचा, फोटो पाठवतं, "सर, हा हिजरी 79 चाच आहे ना?" आणि बहुतेक वेळा तो नसतो.

हिजरी 79 म्हणजे इसवी सन 698-99. त्याआधी अरबांच्या चांदीच्या नाण्यांवर चक्क इराणच्या ससानी राजाचा चेहरा असायचा, मागे अग्निवेदी. खलिफा अब्द अल-मलिकने हे सगळं काढलं आणि दोन्ही बाजूंना फक्त अक्षरं ठेवली, स्वतःचं नावसुद्धा घातलं नाही. म्हणून त्या सुरुवातीच्या सालाला एवढा भाव आहे, आणि म्हणूनच नवीन माणसं तिथेच फसतात.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने असाच एक दिरहम घेतला, सेकंडहँड बाइक येईल एवढे पैसे मोजून, आणि रात्री अकराला मला फोटो टाकला. मी सालाकडे बघितलंच नाही, आधी टाकसाळ, म्हणजे नाणं जिथे पाडलं त्या शहराचं नाव, वाचली. वासित. आता वासित हे शहर अब्द अल-मलिकचा इराकमधला गव्हर्नर हज्जाज याने वसवलं तेच मुळी हिजरी 83 च्या सुमारास, मग 79 साली तिथे नाणं पडणार कुठून? साल नीट वाचलं तर 97. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला, आणि हा बिचारा दोन महिने कुठलंच नाणं हातात घेत नव्हता.

हे होतं कसं ते बघा. त्या काळच्या कूफी या अरबी लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, जवळजवळ देतच नाहीत. 'सबअ' म्हणजे सात, 'तिसअ' म्हणजे नऊ, आणि नुक्ते काढले की दोन्ही शब्दांत नुसते चार दात, म्हणजे छोट्या उभ्या रेघा, आणि शेवटी 'ऐन' हे अक्षर. त्यात अरबीत एकं आधी, दहं नंतर, म्हणजे 79 हे "नऊ आणि सत्तर" आणि 97 हे "सात आणि नव्वद". घाईत वाचलं की उलटलंच. माझी सवय अशी की भिंगाखाली उजवीकडून दात मोजायचे. सुटा दात आधी आणि 'सीन' या अक्षराचे तीन नंतर असले तर नऊ, तीन आधी आणि सुटा ऐनला चिकटून असला तर सात. सुटा दात बऱ्याचदा किंचित उंच असतो. आणि आधी टाकसाळ, मग साल, हा क्रम मी वीस वर्षांत मोडलेला नाही. अ‍ॅपला फोटो दाखवून साल विचारणाऱ्यांना मी उत्तर देणं बंद केलंय, चार दात मोजायला दोन मिनिटं लागतात हो.

हिजरी सालात सरळ 622 मिळवू नका. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं, 79 मध्ये 622 मिळवले तर 701 येतं आणि ते चूक.

नुसत्या अक्षरांचा दिरहम "अब्द अल-मलिकचं नाव असलेला" म्हणून कुणी विकत असेल तर पुढे चला.

चेहरा दिसला म्हणून नाणं ससानी समजून बाजूला टाकू नका. ससानी राजा खुस्रो दुसरा याच्या चेहऱ्याशेजारी, कडेला खाली उजवीकडे बारीक 'बिस्मिल्लाह' आहे का बघा, असेल तर ते अरब-ससानी, म्हणजे ससानी धाटणीचं अरबांचं नाणं. तिथे साल पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी लिपीत, असतं आणि ते हिजरीच असेल असं नाही, शेवटचा ससानी राजा यज्दगर्द याच्या कालगणनेचं सालही असतं. म्हणजे 35 वाचलं तर हिजरीने 655-56, यज्दगर्दच्या हिशोबाने 666-67. नाण्यावरचं गव्हर्नरचं नाव वाचल्याशिवाय ठरवू नका.

वजन कराच. चांगला उमय्यद दिरहम 2.9 ग्रॅमच्या आसपास, अरब-ससानी 4 च्या आसपास. (आपला 'दाम' आणि शिलाहारांच्या लेखांतला 'द्रम्म' हेही दिरहमसारखे ग्रीक द्राख्मेवरूनच आलेत, मला याचं फार अप्रूप वाटतं.)

आणि चिंच, लिंबू, टूथपेस्ट, कृपा करून नको. तेराशे वर्षं जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, आवाज ऐकायला फरशीवर टाकलं तर तुकडे होतात, मी बघितलेत. नुसती माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पाणी बदला, आणि काळा थर तसाच राहू द्या, अक्षरं त्यातच जास्त स्पष्ट दिसतात.