काउंटी कॉलेजात पहिल्यांदा इंग्रजीच्या वर्गात बसणाऱ्यांसाठी

तुम्ही एच-फोरवर (म्हणजे एच-वनवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) आला असाल, ग्रीन कार्डवर आला असाल किंवा बारावी उरकून आईवडिलांच्या मागोमाग आला असाल, न्यू जर्सीत काउंटी कॉलेजचं, म्हणजे जिल्ह्याच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचं, नाव काढलंत की मी आधी एकच सांगते. प्लेसमेंट टेस्टला, म्हणजे तुम्हाला कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणाऱ्या परीक्षेला, तयारीशिवाय बसू नका. हे मी या लेखात पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी.

इथे प्रवेश जवळपास सगळ्यांनाच मिळतो. त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना वाटतं, परीक्षा म्हणजे नुसता उपचार. मग बाई सकाळी डबे करून, मुलाला डे-केअरला सोडून, दुपारी दीडच्या आत परत यायचं या हिशेबाने जाऊन बसतात. ही टेस्ट बहुधा ॲक्युप्लेसर असते. ती कॉलेज बोर्डाची, म्हणजे एसएटी घेतात त्यांचीच. तुमचं उत्तर बघून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड देतो, म्हणून मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. गुण २०० ते ३०० या पट्टीवर मिळतात. निबंध मागितला तर तो ३०० ते ६०० शब्दांचा असतो आणि त्याला १ ते ८ मधला आकडा मिळतो. वाचनाच्या प्रश्नांना वेळेची मर्यादा नसते, आणि आपले लोक नेमके तिथेच घाई करून उठतात. कॉलेज बोर्डाच्या साइटवर सरावाचे प्रश्न फुकट आहेत. दोन आठवडे रोज अर्धा तास पुरे.

या परीक्षेत नापास कुणी होत नाही, आणि गोची तिथेच आहे. गुण कमी पडले तर तुम्हाला डेव्हलपमेंटल, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या खालच्या, तयारीच्या वर्गात बसवतात. फी भरावी लागतेच, पण ती क्रेडिटं (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक) दोन वर्षांच्या पदवीच्या साठ क्रेडिटांत धरत नाहीत. शिवाय कॉलेज इंग्रजीचा पहिला कोर्स पदरात पडेपर्यंत बरेचसे पुढचे विषय घेता येत नाहीत. माझ्या ओळखीची एक नाशिकची बी.फार्म. झालेली मुलगी. भारतातून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेटलॅगमध्ये, डोळे चोळत टेस्टला जाऊन बसली. दोन सेमिस्टर खालच्या वर्गात गेली. तोवर नर्सिंगच्या अर्जाची मुदत टळली, आणि तिच्या कॉलेजात ही मुदत वर्षातून एकदाच यायची. फी गेली, वर्ष गेलं, आणि त्या वर्गात ती जे शिकली त्यातलं निम्मं तिला आधीच येत होतं. फेरपरीक्षा देता येते का, किती दिवसांनी, किती पैसे भरून, हे आधी विचारून ठेवा. प्रत्येक कॉलेजचा नियम निराळा असतो.

ब्रुकलिनच्या मावसबहिणीचा किंवा सॅन होजेच्या दिराचा सल्ला इथे चालवू नका. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाने, क्यूनीने, असे बिनक्रेडिटचे जुने वर्ग बंद केले आहेत. कॅलिफोर्नियात तर २०१७ सालीच कायदा झाला, की विद्यार्थ्याला शक्यतो थेट क्रेडिटच्या वर्गात बसवा आणि हवी ती जादा मदत सोबत द्या. इकडेही काही कॉलेजांत मुख्य वर्गाला जोडून मदतीचा वर्ग घेता येतो. सल्लागाराला तोंड उघडून विचारा, ते आपणहून सांगतीलच असं नाही.

फॉर्मवर पहिली भाषा विचारली तर मराठी लिहा. 'मी इंग्लिश मीडियमची' म्हणून तिथे इंग्रजी ठोकणाऱ्या बऱ्याच पाहिल्या आहेत. काही ठिकाणी या रकान्यावरून तुम्हाला ईएसएलच्या (इंग्रजी ही दुसरी भाषा असणाऱ्यांसाठीच्या इंग्रजीच्या) चाचणीला पाठवतात आणि तेवढ्यानेच आपल्या लोकांचा इगो दुखावतो. माझं मत विचाराल, तर ईएसएलचे शिक्षक या कॉलेजांतले सगळ्यात मेहनती शिक्षक. ते वाक्यावर वाक्य घेऊन बसतात. पुढे तसं कुणी बसत नाही.

आता काउंटी कॉलेजबद्दलचं नाक मुरडणं. यात एमएस करून आलेली आपलीच मंडळी आघाडीवर. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मी स्वतः ऐकलंय, "अगं, तिथे कोण जातं? हायस्कूलचे उरलेले." या महाशयांनी आयुष्यात चार पानांचा निबंध लिहिलेला नसतो. न्यू जर्सीत २००७ चा ट्रान्सफरचा कायदा आहे. इथली एए किंवा एएस ही दोन वर्षांची पदवी घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर ती दोन वर्षं पूर्ण धरली जातात. प्रवेशाची हमी नाही, पण क्रेडिटं वाया जात नाहीत. फी आपल्या काउंटीत राहणाऱ्याला सगळ्यात कमी. एच-फोरवर शिकता येतं, पण फेडरल आर्थिक मदत मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनी फाफ्सा, म्हणजे त्या मदतीचा अर्ज, भरायचाच.

वाचनाकडे येते. इथला हिशेब असा, की वर्गातल्या दर तासामागे घरी निदान दोन तास अभ्यास. म्हणजे तीन क्रेडिटच्या एका विषयाला आठवड्याला नऊ तास. चार विषय घेतले की छत्तीस. हे गणित न करता पहिल्याच सेमिस्टरला पाच विषय घेणारे ऑक्टोबरात माझ्यासमोर रडवेले होऊन बसतात. (मी एका कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये ट्यूटर आहे, म्हणून हे सगळं दिसतं.)

आपल्याला धडा सर शिकवतात, मग आपण वाचतो आणि स्वाध्याय सोडवतो. इथे वाचून वर्गात यायचं असतं. वाचलेलं पुन्हा समजावून कुणी सांगत नाही, त्यावर थेट चर्चा सुरू होते. तेव्हा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एका दमात वाचायचा हट्ट सोडा. आधी शीर्षकं, उपशीर्षकं आणि शेवटचा परिच्छेद बघा. मग पेन्सिल घेऊन प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात दोन शब्द लिहा. परिच्छेदात काय लिहिलंय ते नको, तो परिच्छेद तिथे कशाला आलाय ते लिहा: दावा, उदाहरण, आकडे, विरोधकांचं म्हणणं, त्याला उत्तर. मराठीत लिहिलंत तरी चालेल. मी तर मराठीतच लिहा म्हणते, कारण मग पुस्तकातलंच वाक्य समासात उतरवायची सोय राहत नाही.

याचा उपयोग कुठे होतो ते सांगते. किमान वेतनावरचा एक लेख वर्गात होता. लेखिका वेतन वाढवावं या बाजूची. दुसऱ्या परिच्छेदात तिने विरोधकांचं म्हणणं मांडलं होतं, की वेतन वाढवलं तर छोटी दुकानं बंद पडतील, आणि तिसऱ्यात ते खोडून काढलं होतं. एका मुलाने सारांशात लिहिलं, "लेखिकेच्या मते वेतन वाढवल्याने दुकानं बंद पडतील." वाचन उत्तम, उच्चार छान, शब्द सगळे ठाऊक, आणि लेख नेमका उलटा समजला. ही चूक आपल्या मुलांत मी सारखी पाहते. पुस्तकात छापलंय ते सगळं लेखकाचंच मत, अशी शाळेपासूनची सवय असते. समासात 'विरोधक' एवढा शब्द लिहिला असता तर सारांश बिघडला नसता.

अनोळखी शब्द दिसला की दर वेळी फोन उचलू नका. परिच्छेद संपू द्या, मग बघा.

लेखनाची आपली शिदोरी म्हणजे दहावीचा निबंध. सुरुवातीला सुविचार, मग 'आजच्या धकाधकीच्या युगात', मग फायदे, तोटे, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रयत्न करूया. इथला शिक्षक पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य शोधत असतो: तुमचं म्हणणं काय? त्याला थीसिस म्हणतात. ते वाक्य असं हवं की त्यावर कुणी तरी 'मला नाही पटत' म्हणू शकेल. 'शिक्षण महत्त्वाचं आहे' याला कोण नाही म्हणणार? 'काउंटी कॉलेजांनी संध्याकाळचे वर्ग वाढवले नाहीत तर नोकरी करणाऱ्या आया शिक्षण अर्धवट सोडतील' असं लिहिलं की पुढचे परिच्छेद आपोआप सुचायला लागतात. सुविचार आणि थोरामोठ्यांची वचनं घरी ठेवा.

आता चोरी. मुद्दाम कॉपी करणाऱ्यांना मी काय सांगणार, पण प्रामाणिक माणसंही इथे अडकतात. मूळ लेखात समजा असं आहे: "भाडी वाढल्यामुळे अनेक कुटुंबांना शहराच्या मध्यवर्ती भागातून बाहेर पडावं लागलं." विद्यार्थिनी लिहिते: "भाडी वाढल्याने बऱ्याच कुटुंबांना शहराच्या मध्यभागातून बाहेर जावं लागलं." चार शब्द बदलले, तेव्हा हे आपलं झालं, असं तिला मनापासून वाटतं. शाळेत गाईडमधलं उत्तर असंच 'स्वतःच्या शब्दांत' लिहून पूर्ण मार्क पडले होते ना! इथे हा प्लेजरिझमच. वाक्याचा सांगाडा मूळ लेखकाचा, आणि त्याचं नाव कुठेच नाही. निबंधाला शून्य मिळू शकतं, प्रकरण कमिटीपुढे जाऊ शकतं. लेख मिटून ठेवायचा, फोनवर बहिणीला सांगाल तसं मोठ्याने सांगायचं, तेच लिहायचं, आणि वाक्यात लेखकाचं नाव घालायचं. मग ते अवतरणचिन्हात घेतलेलं असो वा स्वतःच्या शब्दांत, नाव लागतंच. कोणत्या पद्धतीने द्यायचं, एमएलए की एपीए, ते सिलॅबसमध्ये (शिक्षक सुरुवातीला देतात त्या विषयाच्या माहितीपत्रकात) लिहिलेलं असतं. नियम पाठ करू नका, पर्ड्यू विद्यापीठाची साइट उघडून बघून लिहा. एआयचंही तेच: किती चालतं ते शिक्षकागणिक बदलतं, सिलॅबस वाचा.

नवऱ्यांनो, बायकोचे निबंध लिहून देऊ नका. रात्री अकराला बायको झोपल्यावर लॅपटॉप उघडून 'जरा पॉलिश करतो' म्हणणारे भाऊ मला माहीत आहेत. तुमचं इंग्रजी स्टेटस रिपोर्टचं आहे, बुलेट पॉइंट आणि 'प्लीज फाइंड अटॅच्ड'. शिवाय वर्गात बसून लिहायचा निबंध आला की बायकोच्या हातचं लेखन वेगळं निघतं आणि शिक्षकाला ते लगेच कळतं. मुलांच्या आईवडिलांनाही सांगते, तुम्ही प्राध्यापकाला ईमेल करून काही उपयोग नाही. १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या कायद्यामुळे कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचे मार्क मुलाच्या लेखी परवानगीशिवाय तुम्हाला सांगणं प्राध्यापकावर बंधनकारक नाही, आणि तो सांगणारही नाही.

अमेरिकन शिक्षकाच्या शेऱ्यांची एक गंमत आहे. सुरुवातीला 'ग्रेट स्टार्ट!' असतं, मग खाली समासात 'यू माइट कन्सिडर' ने सुरू होणारी वाक्यं. पहिलं वाचून लोक खूश होतात आणि कागद बंद करतात. हे लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'कन्सिडर' लिहिलंय तिथे बदल करायलाच हवा असं समजा. 'इंटरेस्टिंग' ही तर कौतुकाची पावती अजिबात नाही, तिथे त्याला काहीतरी खटकलेलं असतं. ऑफिस अवर्सना, म्हणजे शिक्षक विद्यार्थ्यांना भेटायला राखून ठेवतात त्या वेळेत, जाऊन विचारा. पंधरा मिनिटांत इतकं कळतं की क्लासेसचे पैसे वाचतात, आणि आपल्या लोकांखेरीज तिथे सगळे जातात. आपण मात्र 'सरांना कशाला त्रास' म्हणून घरी बसतो.

रायटिंग सेंटर फुकट असतं, म्हणजे फीमध्ये धरलेलंच असतं. आम्ही व्याकरण तपासून देत नाही, हे ऐकून पुष्कळ जण निराश होतात. आम्ही प्रश्न विचारतो, तुम्ही वाक्य मोठ्याने वाचता आणि चूक तुमची तुम्हालाच ऐकू येते. छापील असाइनमेंट सोबत आणा. नोव्हेंबरच्या अखेरीस वेळा मिळत नाहीत, तेव्हा सप्टेंबरातच नाव घाला.

एखादा विषय झेपत नसेल तर ड्रॉपची, म्हणजे विषय सोडायची, तारीख बघून ठेवा. त्या तारखेच्या आत सोडलात तर पैसे परत मिळतात. नंतर सोडलात तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) 'डब्ल्यू', म्हणजे विषय मध्येच सोडल्याचा शेरा, लागतो आणि फीही जाते. फॉल सेमिस्टर ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, म्हणून टेस्ट जूनमध्ये द्या. त्याआधीचे दोन आठवडे सरावाचे, आणि भारतातून परत आल्याच्या आठवड्यात तर टेस्टची वेळ घेऊच नका.