आईबाबांचे दात, डोळे आणि कान: इन्शुरन्स घेताना नेमकं काय बघायचं

आईबाबांसाठी दात, डोळे आणि कान तिन्ही कव्हर करणारी एकच पॉलिसी आहे का, असं बरेच जण विचारतात. अमेरिकेत अशा पॉलिस्या वेगळ्या मिळतात, कारण तिथल्या मूळ मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, नेहमीची दातांची ट्रीटमेंट, चष्मा, कानाचं मशीन यातलं काही सहसा बसत नाही. आपल्याकडे मात्र म्हाताऱ्या माणसांसाठी आवर्जून घ्यावी अशी तिन्हींची एकत्र पॉलिसी माझ्या तरी बघण्यात नाही, इथे हे सगळं नेहमीच्या हेल्थ पॉलिसीत विखुरलेलं असतं, थोडं कव्हर, थोडं अर्धवट, आणि बरंचसं तर चक्क एक्सक्लूजनच्या, म्हणजे ज्याचे पैसे मिळतच नाहीत अशा गोष्टींच्या यादीत. म्हणून कुठली कंपनी चांगली हे नंतर बघा, आधी खर्च कुठला ते ठरवा. जो खर्च मोठा आहे आणि हॉस्पिटलमध्ये होणार आहे त्याच्यासाठी पॉलिसी, जो छोटा आहे पण होणारच आहे त्याच्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे. एवढं डोक्यात ठेवलंत तर एजंटने काहीही दाखवलं तरी गोंधळ होणार नाही.

डोळ्यांपासून सुरू करू, कारण पॉलिसीचा खरा उपयोग इथेच आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन डे-केअरमध्ये येतं, म्हणजे २४ तास ॲडमिट असायची अट नाही, सकाळी जाऊन दुपारी घरी आलात तरी क्लेम मिळतो. पण दोन अटी बघायच्याच बघायच्या. पहिली वेटिंग पिरियड, बहुतेक पॉलिस्यांमध्ये मोतीबिंदूला २४ महिने थांबावं लागतं. डॉक्टरांनी "अजून वर्षभराने करू" म्हटल्यावर पॉलिसी शोधायला लागलात तर त्या ऑपरेशनला ती कामाची नाही, त्यामुळे साठीच्या आसपास, डोळे ठणठणीत असतानाच हे करून ठेवायचं. दुसरी अट सब-लिमिटची, म्हणजे एखाद्या उपचाराला ठरवून दिलेली वरची मर्यादा. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणारी पॉलिसी आहे, तिच्यात एका डोळ्याला सम इन्शुअर्डच्या (विम्याच्या एकूण रकमेच्या) २५ टक्के किंवा ४० हजार यातलं जे कमी असेल ते मिळतं, वर ५ टक्के को-पे, म्हणजे क्लेममधला तेवढा वाटा आपल्याकडे. म्हणजे पॉलिसी २ लाखांची घ्या नाहीतर १० लाखांची, मोतीबिंदूला ४० हजारांच्या वर काही मिळत नाही, तेव्हा नुसती रक्कम मोठी आहे म्हणून खूश होऊ नका, पॉलिसी वर्डिंगमध्ये कॅटरॅक्ट हा शब्द शोधा आणि त्याच्यापुढचा आकडा वाचा. लेन्सचंही आधीच विचारा, साधी मोनोफोकल (एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी) बऱ्याच ठिकाणी बसते पण मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) घ्यायची म्हटली की वरचे पैसे आपले, आणि हे हॉस्पिटलच्या काउंटरवर ऑपरेशनच्या सकाळी कळलं तर घरात उगाच वाद होतात.

शुगर असेल तर आणखी एक गोष्ट बघा जी सहसा कोणी सांगत नाही. डोळ्याच्या पडद्याला सूज आली की डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात, ती एकदा घेऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात आणि महाग असतात. पॉलिसीत त्यांचं नाव इंट्राव्हिट्रियल इंजेक्शन असं असतं. आरोग्य संजीवनीत ती सम इन्शुअर्डच्या ५० टक्क्यांपर्यंत बसतात, बाकी पॉलिस्यांत मर्यादा वेगवेगळी असते, पण मला विचाराल तर डायबेटिस असलेल्या माणसासाठी ही ओळ मोतीबिंदूच्या ओळीइतकीच महत्त्वाची आहे. चष्म्याचा खर्च मात्र विसरा, आणि नंबर घालवायचं लेसर ७.५ पेक्षा कमी नंबरला कुठलीच नेहमीची पॉलिसी देत नाही.

दातांचं आणि कानाचं चित्र निराशाजनक आहे, ते आहे तसंच सांगते. दातांना साध्या हेल्थ पॉलिसीत सहसा अपघात झाला तरच पैसे मिळतात, म्हणजे पडून जबडा फुटला, ॲडमिट व्हावं लागलं, असं काही. रूट कॅनाल, कॅप, कवळी, इम्प्लांट हे सगळं खिशातून. कानाचं मशीनही जवळजवळ सगळीकडे एक्सक्लूजनमध्ये. निवृत्त केंद्र सरकारी कर्मचारी सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेत असतील किंवा माजी सैनिक ईसीएचएस या त्यांच्या योजनेत असतील तर तिथे मशीनला ठराविक मर्यादेपर्यंत पैसे मिळतात, दातांचंही काही बसतं, ते सोडून खाजगी पॉलिसीच्या मागे धावायची गरज नाही, आधी आपल्या वेलनेस सेंटरला किंवा पॉलिक्लिनिकला विचारा.

मग ओपीडी कव्हर (ॲडमिट न होता केलेल्या उपचारांचे पैसे देणारं) किंवा ओपीडी रायडर (तेच कव्हर, मूळ पॉलिसीला जास्त पैसे भरून जोडलेलं) घ्यावं का? कंपन्या दात-डोळे-कान म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा हेच असतं. इथे कागदावर हिशोब मांडा. समजा रायडरचे वर्षाला ६ हजार जास्त जातात आणि मर्यादा १० हजारांची आहे, पण त्यातले दातांना फक्त ३ हजार, चष्म्याला २ हजार आणि तेही दोन वर्षांतून एकदा, उरलेले ५ हजार त्यांच्याच नेटवर्कमधल्या डॉक्टरच्या फीला, तर आईबाबा राहतात तिथे, सांगलीत म्हणा नाहीतर चिपळूणला, त्या नेटवर्कचा एक तरी डेंटिस्ट आहे का ते आधी बघा. नसेल तर ते ६ हजार दर वर्षी वेगळ्या आरडीत टाकलेले कधीही बरे, त्यातून कवळी होते, मशीनची सोय होते, आणि कोणाची परवानगी लागत नाही. नेटवर्क घराजवळ असेल आणि दातांचं काम दरवर्षी निघतच असेल तर मात्र रायडर घ्या, मी त्याच्या विरोधात नाही.

घरात कोणी ७० किंवा त्याच्या पुढे असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी मोफत उपचार योजनेचं कार्ड, काढलंय का ते बघा, नसेल तर ह्याच आठवड्यात काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, वेटिंग पिरियड नाही, म्हणजे आधीपासूनचा आजारही पहिल्या दिवसापासून कव्हर. आधार कार्ड लागतं, खाजगी पॉलिसी असली तरी चालतं. आई आणि बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून आहेत हे लक्षात ठेवा. सीजीएचएस किंवा ईसीएचएसवाल्यांना दोन्हीतलं एक निवडावं लागतं. योजनेत बसलेल्या हॉस्पिटलमध्येच चालतं, आणि सगळ्या हॉस्पिटलमध्ये सगळी ऑपरेशनं होत नाहीत, म्हणून मोतीबिंदूसाठी जायच्या आधी तिथल्या आयुष्मान डेस्कला विचारा किंवा १४५५५ ला फोन करा. ओपीडी मात्र ह्यातही नाही.

नवी पॉलिसी घेणार असाल तर अलीकडे बदललेले नियम आपल्या बाजूचे आहेत. वय ६५ च्या वर गेलं म्हणजे दारं बंद, असं १ एप्रिल २०२४ पासून राहिलेलं नाही. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावता येतं. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी आयआरडीएआय या विमा नियामकाशी बोलावं लागतं, हा नियम जानेवारी २०२५ चा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही, कोणी जुन्या कोटेशनमध्ये १८ टक्के धरून दाखवत असेल तर नवीन मागा.

फॉर्म स्वतः भरा, किंवा एजंट भरत असेल तर शेजारी बसा. बीपी, शुगर, काचबिंदूचे थेंब, "मोतीबिंदूची सुरुवात आहे" असं केसपेपरवर लिहिलेलं असेल तर तेही, सगळं लिहायचं. एजंट म्हणतात काका हे नका लिहू प्रीमियम वाढेल, पण क्लेमच्या वेळी जुने केसपेपर मागतात तेव्हा तो एजंट फोन उचलत नाही आणि रिजेक्शनचं पत्र आईबाबांच्या हातात पडतं. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की लपवल्याच्या कारणाने, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, क्लेम नाकारता येत नाही, पण ती ५ वर्षं कशाला धाकधुकीत काढायची. पॉलिसी हातात आली की ३० दिवस फ्री-लूकचे असतात, तेवढ्यात वर्डिंग वाचा, नाही पटलं तर परत करा.

ज्यांना यातलं काही परवडत नाही त्यांच्यासाठी. दातांना सरकारी डेंटल कॉलेज हा फार चांगला पर्याय आहे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला आहेत, मुंबईत नायरचं आहे, गोव्यात बांबोळीला, वेळ जातो पण खर्च खूप कमी. कानासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी एकदा ३ हजार मिळतात. रक्कम छोटी आहे, चष्मा तरी होतो.

टॅक्सचं एक सांगायचं राहिलं, जुन्या कररचनेत ज्येष्ठ आईवडिलांच्या प्रीमियमवर ५० हजारांपर्यंत वजावट आहे, आणि त्यांची पॉलिसीच नसेल तर औषधपाण्याचा खर्चही त्याच ५० हजारांत दाखवता येतो, फक्त पैसे रोख दिलेले नकोत, त्यामुळे डेंटिस्टला यूपीआय करा आणि बिल घ्या.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, त्यात पॉलिसीचं नेमकं कुठलं कलम लावलंय ते असायला हवं. मग कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला (तक्रार विभागाला) लिहा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, मुंबई आणि पुण्याला ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे घेतात. सोबत केसपेपर, बिलं, लेन्सचं स्टिकर आणि रिजेक्शनचं पत्र एवढं जोडा.