लोटस एलानची चासी दुरुस्त करताय? या चुका टाळा

एलान ही लोटसची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिच्या मालकांची एक ठरलेली तक्रार असते: एरवी बॉडीत मिटून बसणारे हेडलाइट नीट वर येत नाहीत. कधी एकच डोळा उघडतो, कधी दोन्ही उघडतात आणि चालत्या गाडीत हळूहळू मिटायला लागतात. मग रबरी नळ्या बदलल्या जातात, स्विच बदलला जातो, दिवे उचलणारे डबे नवे येतात. खिसा रिकामा होतो आणि दिवे पुन्हा पेंगतातच.

या गाडीचे दिवे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या जोरावर, वर-खाली होतात. तो व्हॅक्यूम साठवायला वेगळी टाकी दिलेली नाही. चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, पुढचा आडवा पत्र्याचा बॉक्स, ज्यावर पुढचं सस्पेन्शन उभं आहे, तीच टाकी. दिवे पेंगतात तेव्हा पुष्कळदा त्या बॉक्सला आतून गंजून बारीक भोकं पडलेली असतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असला हा प्रकार. चासीकडे येणारी नळी काढून तिथे हातपंपाने व्हॅक्यूम लावा. पंपावरचा काटा खाली घसरला, तर दोष नळीत किंवा स्विचमध्ये नाही, चासीत आहे.

इथे एक सोपी पळवाट बरेच जण काढतात. बॉनेटखाली वेगळी छोटी टाकी बसवायची. दिवे छान चालतात! पण गाडी देत असलेली एकमेव सूचना आपण बंद करून टाकलेली असते, आणि पत्रा आत कुजतच राहतो. टाकी जरूर बसवा, फक्त आधी गंज किती आहे ते बघा.

हे सगळं इतकं नाजूक का, ते समजायला गाडीची घडण बघावी लागते. एलान 1962 मध्ये आली. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन आणि डिझायनर रॉन हिकमन. त्याआधीच्या एलाइटची बॉडीच फायबरग्लासची, तीच चासी. तसं करणं अवघड आणि खर्चिक ठरलं होतं. एलानची पत्र्याची चासी सुरुवातीला इंजिन आणि सस्पेन्शनची चाचणी घेण्यापुरती, तात्पुरती म्हणून बनवली गेली, असं सांगतात. ती इतकी ताठ आणि हलकी निघाली की तीच कायम झाली आणि 1973 मध्ये एलान बंद होईपर्यंत टिकली. आकार साधा आहे: मधून जाणारा एक बंद बॉक्स, म्हणजे गाडीचा कणा, आणि दोन्ही टोकांना फुटलेले फाटे. पत्रा जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास. सुरुवातीची पूर्ण गाडी 640 किलोच्या घरात. या चासीत जास्तीचा पत्रा नाहीच, प्रत्येक पट्टी कामाला जुंपलेली आहे. जड चासीत गंजाने थोडं खाल्लं तरी बरंच उरतं. इथे उरत नाही.

वरून रंग चांगला दिसतो म्हणून समाधान मानणं

गंज आतून बाहेर येतो. पुढच्या बॉक्सच्या दोन टोकांना उभे मनोरे आहेत, त्यांच्या बुडाशी चिखल आणि पाणी साठतं. पाणी निघायची छिद्रं माती आणि जुन्या अंडरकोटने, म्हणजे गाडीच्या पोटाला मारलेल्या जाड लेपाने, बुजलेली असतात. ब्रिटनच्या हिवाळी रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे वापरलेल्या गाडीत तर हे गृहीतच धरा. टोचा घेऊन खालच्या बाजूने दाबून बघा. डांबरासारखा जाड अंडरकोट दिसला की मला संशय येतो. तो बहुधा काहीतरी झाकायलाच मारलेला असतो. इंजिन माउंटिंगच्या आसपास, डिफरन्शियल (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) टांगलेल्या जागी आणि मागच्या मनोऱ्यांच्या जोडांवर तडे शोधा. रंगाच्या बारीक रेषेतून तपकिरी डाग ओघळलेला दिसला, तर तो ओरखडा नाही, तडा आहे.

गाडीखाली झोपून ठिगळं लावणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. इंजिन, बॉडी सगळं जागेवर ठेवून खालून ठिगळ वेल्ड केलं, की पातळ पत्रा तापतो, आकसतो आणि चासीला पीळ बसतो. त्यात वर फायबरग्लास आहे, ते पेट घेतं. वेल्डिंग करायचंच असेल तर चासी उघडी करा, सपाट टेबलावर पक्की बांधा, आणि थोडे टाके इकडे, थोडे तिकडे असं करत जा. एका दमात लांब शिवण मारू नका.

त्याच भरात काही जण जाड पट्ट्या जोडून चासी 'मजबूत' करतात. एक जागा फार ताठ झाली की ताण तिच्या कडेला जाऊन साचतो आणि पुढचा तडा तिथे पडतो. म्हणजे वजनही वाढलं आणि तडाही गेला नाही.

पुढचा बॉक्स पार कुजला असेल, तर ठिगळांच्या फंदात पडू नका, चासीच बदला. खुद्द लोटसने पुढे गॅल्व्हनाइज केलेल्या, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, चासी सुट्या पुरवल्या. मूळ चासी गेली म्हणून हळहळणाऱ्यांना एवढंच सांगेन की, ब्रिटनमध्ये खरेदीकर वाचवायला कितीतरी एलान सुट्या भागांच्या रूपात विकल्या गेल्या आणि मालकांनीच जोडल्या. या गाडीच्या बाबतीत 'कारखान्यातली जोडणी' हा शब्दच थोडा सैल आहे. नव्या चासीची पावती मात्र जपून ठेवा, नोंदणीच्या वेळी लागते.

आणि जुनी चासी जस्ताच्या कढईत बुडवायला देऊ नका. तिथे तापमान 450 अंश सेल्सियसच्या आसपास असतं. पातळ पत्र्याचा बॉक्स वाकडा होतो, आणि हवा जायला भोक नसलेला बंद भाग फुटूही शकतो.

गाडी एका बाजूला ओढते, तर फक्त अलाइनमेंट करणं

एलानच्या पुढच्या चाकांना जुळवता येतो तो फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते. चाकाचा उभा कल आणि कास्टर (चाक वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल) बदलायची सोयच मूळ गाडीत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं निदान होतं: दोन्ही बाजूंच्या कलात फरक दिसला, तर कुठेतरी काहीतरी वाकलंय किंवा बुश (सस्पेन्शनच्या जोडातलं रबर) गेलाय. बऱ्याचदा चासीत बसवलेल्या, खालच्या विशबोनच्या (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांड्याच्या) पिना वाकलेल्या असतात. चाक कधीतरी फुटपाथच्या कडेला आदळलेलं असतं, मालक ते विसरलेला असतो. स्टीअरिंगचा टाय-रॉड फिरवून गाडी सरळ चालवता येईल, पण टायर एका कडेने झिजत राहील.

मोजायला भारी यंत्र लागत नाही. सपाट फरशी, ओळंबा, खडू आणि टेप पुरे. दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंवरून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा, मग कर्ण मोजा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोन्हीकडे 2134 मिलिमीटर यायला हवं. नवी चासी आली तरी हे मोजमाप चुकवू नका.

जुनी चासी उतरवताना स्टीअरिंग रॅकखालच्या पातळ पट्ट्या डावी-उजवी वेगवेगळ्या बांधून ठेवा. रॅकची उंची त्यांच्यावर ठरते. त्या हरवल्या तर खड्ड्यातून जाताना गाडी स्वतःहून वळल्यासारखी करते, आणि दोष नव्या शॉक-अब्सॉर्बरवर जातो.

बॉडी बोल्टने खेचून बसवणं

चासीवरून उतरवलेली फायबरग्लासची बॉडी दोन घोड्यांवर (स्टँडवर) महिनोन्‌महिने ठेवली तर झोळ पडतो, विशेषतः उघड्या छताच्या गाडीत. तिला सगळीकडून सारखा आधार हवा. बसवताना फट दिसली तर पातळ पट्टी भरा. बोल्ट आवळून फट मिटवली की दरवाजे अडकतात आणि कोपऱ्यांना बारीक चिरा पडतात. फायबरग्लासमध्ये पुरलेले आटे असलेले बॉबिन जोर लावला की जागीच गरगर फिरतात, म्हणून जुने बोल्ट आधी तेल मुरवून सैल करा. रंग देण्यापूर्वी बॉडी एकदा कोरडी बसवून दरवाजे लावून बघा. ब्रेकच्या नळ्याही बॉडी चढवायच्या आधी टाकून घ्या.

सुंदर रंगवलेली चासी आणि मेलेले दिवे

फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. इथे प्रत्येक दिव्याची वायर चासीपर्यंत पोचावी लागते. पावडर कोटिंग केल्यावर इंडिकेटर लावला की ब्रेक-लाइट मिचकायला लागतो, मीटर उड्या मारतात. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघडा धातू ठेवा, वायर आवळा, वरून ग्रीस लावा. इंजिन रबरावर बसलेलं आहे, त्यामुळे इंजिन ते चासी ही जाड पट्टी विसरलात तर स्टार्टरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. मग केबल तापून अडकते आणि लोक कार्बोरेटर उघडून बसतात.

चाकं लोंबकळत असताना बुश आवळणं

ही चूक अनुभवी हातही करतात. सस्पेन्शनचे रबरी बुश बोल्टभोवती फिरत नाहीत, पिळतात. गाडी जॅकवर असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर ती जमिनीवर येताच रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं. गाडी उंच दिसते, राइड कडक लागते, आणि नवे बुश लवकर फाटतात. बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकला, आत दोन माणसं बसवा, आणि मगच शेवटचा पान्हा मारा.

मागच्या चाकांना फिरवणाऱ्या अर्ध्या-शाफ्टवर रबराच्या गोल कपलिंग असतात. त्या नव्या येतात तेव्हा भोवती लोखंडी पट्टा आवळलेला असतो. तो आधीच कापला तर रबर फुलतं आणि भोकं जुळता जुळत नाहीत. सगळे बोल्ट बसल्यावर मगच पट्टा कापा. क्लच सोडताना गाडी कांगारूसारखी उसळते, ते या रबराच्या लवचिकपणामुळे. थोडंफार तसं होणारच. उसळी वाढत गेली तर मात्र कपलिंगच्या बोल्टपाशी भेगा शोधा, आणि गाडी मागची चाकं लोंबकळत ठेवून महिनाभर उभी करू नका.